आकाशांतील पंक्तिप्रपंच

आपल्या भाषेंत ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द कधीं कौतुकानें उच्चारला गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. एकाच पंगतीला बसलेल्या एका पाहुण्याच्या भातावर तुपाची धार सोडावयाची आणि त्याच्याच शेजारच्या पानावरून तुपाचें भांडें झरकन् पुढें न्यावयाचें, असा प्रकार ज्या घरीं घडतो त्या घराचें नांव गांवांत वर्षानुवर्षें निघत राहतें. जेवण कसें झालें हें लोक विसरतात. वाढणारानें हात कोठें आखडला हें विसरत नाहींत. उलटपक्षीं, खानावळींत शेजारच्या गृहस्थानें जादा पैसे देऊन श्रीखंडाची वाटी मागविली, तर आपल्या साध्या ताटाकडे पाहून आपला अपमान झाला असें कोणास वाटत नाहीं. अन्न तेंच, भूक तीच, अंतरही हातभरच. मग एके ठिकाणीं जें पाप तें दुसऱ्या ठिकाणीं निव्वळ व्यवहार कां ठरतें? याचें ठोकळ उत्तर असें कीं, पंगतींत आपण पाहुणे असतों आणि खानावळींत गिऱ्हाईक. परंतु हें उत्तर जेथें सरळ लागू पडत नाहीं अशीं स्थळें अलीकडे वाढत चाललीं आहेत, आणि त्यांपैकीं एक जमिनीपासून दहा किलोमीटर उंचीवर आहे.

परदेशीं असलेल्या मुलांकडे जाण्यायेण्याच्या निमित्तानें आपल्या मध्यम स्थितींतील घरांना विमानाचा प्रवास आतां अपूर्वाईचा राहिलेला नाहीं. ज्यांनीं हा प्रवास केला आहे त्यांना पुढील प्रकार परिचयाचा असेल. तिकिट काढून पैसे भरून झाले, सामानाची बांधाबांध सुरू झाली, म्हणजे कंपनीचें एक मधाळ पत्र मोबाईलवर येऊन पडतें. आपला प्रवास अधिक सुखाचा व्हावा अशी कंपनीची इच्छा असते. पुढच्या वर्गांत कांहीं आसनें रिकामीं आहेत. आपण किती पैसे देऊं शकाल तें आपणच सांगावें! पत्रासोबत एक पट्टी असते. तिच्यावरील खूण बोटानें सरकवावी तसा रकमेचा आंकडा वाढतो आणि बाजूचा कांटा लाल रंगाकडून हिरव्याकडे झुकूं लागतो. बोली मंजूर झाली तरच पैसे कापले जातील, नाहीं तर आहे तें आसन आहेच. हा निकाल प्रस्थानापूर्वीं एकदोन दिवस, कधीं कांहीं तास अगोदर कळतो. इतरांनीं किती बोली लावली, आसनें नेमकीं किती होतीं, आपली बोली कोणत्या कारणानें नाकारली, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

या व्यवहाराला ‘अपग्रेड’ असें म्हणतात. त्यांत न्याय किती, अन्याय किती आणि नुसतें चातुर्य किती, याचा थोडा विचार करावा असें आम्ही योजिलें आहे. पण आधीं हा व्यापार मुळांत चालतो कसा हें पाहिलें पाहिजे. न्यायान्यायाच्या गोष्टी बोलणारे आम्ही अध्यापक लोक पुष्कळदां हिशेबाकडे पाठ फिरवून बोलतों आणि मग व्यापारी मंडळी आमच्याकडे पाहून हंसतात, तें कांहीं अगदींच अकारण नव्हे.

विमानांतील आसन हा माल मोठा चमत्कारिक आहे. तो साठवितां येत नाहीं. विमानानें धांवपट्टी सोडली कीं रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. संध्याकाळच्या कोथिंबिरीलाही त्याहून अधिक किंमत असते. मग मंडईंतल्या भाजीवालीप्रमाणें कंपनीनें शेवटच्या घटकेला भाव उतरवावे हें ओघानेंच आलें, असें कोणालाही वाटेल. प्रत्यक्षांत घडतें तें उलटें. प्रस्थान जवळ येतें तसतसें भाडें चढत जातें. याचें कारण असें कीं, मंडईंत उशिरां येणारा गिऱ्हाईक बहुधा गरीब असतो आणि विमानाला उशिरां येणारा गिऱ्हाईक बहुधा अडलेला असतो. कोणाची कचेरींत तातडीची बैठक असते, कोणाचा खटला असतो, कोणाचा बाप अत्यवस्थ असतो. अडलेल्या माणसाला भाव विचारण्याची सवड नसते, ही गोष्ट जगांतल्या सर्व सावकारांना पूर्वींपासून ठाऊक होती. कंपन्यांनीं तिचें गणित बसविलें एवढेंच.

हें गणित १९७२ सालीं बी. ओ. ए. सी. या ब्रिटिश कंपनींतील केन लिटलवुड नांवाच्या गृहस्थानें मांडलें, आणि तें इतकें सोपें आहे कीं इंग्रजी चौथींतल्या मुलालाही समजावें. समजा, पूर्ण भाडें १०,००० रुपये आणि स्वस्त भाडें ४,००० रुपये आहे. स्वस्त तिकिट मागणारा उतारू खिडकीशीं उभा आहे. त्याला आसन द्यावें, कीं उद्यां येऊं शकणाऱ्या पूर्ण भाड्याच्या उतारूसाठीं राखून ठेवावें? लिटलवुड म्हणतो, तो उद्यांचा उतारू येण्याचा संभव शेंकडा ४० हून अधिक असेल तर राखावें, कमी असेल तर विकून मोकळें व्हावें. अमेरिकेंत १९७८ सालच्या कायद्यानें भाड्यावरील सरकारी नियंत्रण उठलें आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत अमेरिकन एअरलाइन्ससारख्या कंपन्यांनीं हें सूत्र संगणकाच्या हवालीं केलें. तेव्हांपासून एकाच वर्गांतील एकाच रांगेंतल्या दोघां शेजाऱ्यांचीं भाडीं सारखीं असण्याचा योग क्वचितच येतो. आसनें सारखीं, पण कागदावर त्यांच्यावर निरनिराळीं अक्षरें लिहिलेलीं असतात. ज्या अक्षराचा गठ्ठा संपला तो भाव संपला. कोण अडलेला आणि कोण हौशी हें ओळखण्याच्याही युक्त्या निघाल्या. त्यांपैकीं एक आम्हांला फारच मार्मिक वाटते : जो उतारू परगांवीं शनिवारची रात्र काढील त्यालाच स्वस्त तिकिट! कामासाठीं गेलेला मनुष्य शनिवारीं घरीं परतूं पाहतो, सहलीला गेलेला राहतो. बायकामुलांच्या ओढीवर असा कर बसविल्याचें दुसरें उदाहरण आमच्या स्मरणांत नाहीं.

पुढच्या वर्गाची अडचण निराळी होती. तेथील आसनें इतकीं महाग कीं तीं सगळीं क्वचितच विकलीं जात. पण शेवटच्या दिवशीं तीं उघडपणें स्वस्त करावीं तर पुढच्या खेपेपासून धनिक उतारू त्या शेवटच्या दिवसाचीच वाट पाहूं लागणार. म्हणून कंपन्या तीं आसनें फुकट वांटीत, आणि वारंवार प्रवास करणाऱ्या आपल्या निष्ठावंत गिऱ्हाइकांना तीं प्रसादासारखीं मिळत. डेल्टा या अमेरिकन कंपनीच्या अधिकाऱ्यांनींच २०२४ च्या सुमारास सांगितलें कीं, पंधरा वर्षांपूर्वीं देशांतर्गत पहिल्या वर्गांतील जेमतेम आठवा हिस्सा आसनें पैसे घेऊन विकलीं जात. आतां तीन चतुर्थांशांच्या आसपास विकलीं जातात. प्रसाद संपून दुकान सुरू झालें तें असें. बोलीची युक्ति या अडचणींतून निघालेली आहे. बंद पाकिटांतल्या बोलीमुळें आसन अल्प मोलानें विकतां येतें आणि तें अल्प मोल कोणाला कळतही नाहीं. शिवाय बोली लावणारानें खालच्या वर्गाचें तिकिट आधींच काढलेलें असल्यामुळें तो पळून जाण्याचीही भीति नसते. कंपनीच्या बाजूनें पाहिलें तर याहून सुबक तोड काढणें कठीण.

बोलीची पद्धति म्हणून ती वाईट, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. विमानांत जागेपेक्षां अधिक तिकिटें विकलीं गेलीं म्हणजे पूर्वीं कोणाला तरी जबरीनें मागें ठेवीत. १९६८ सालीं ज्यूलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, जो सर्वांत कमी भरपाई घेऊन राजीखुषीनें मागें राहील त्यालाच ठेवावें. प्रथम या सूचनेची थट्टा झाली. दहा वर्षांनीं अमेरिकन नियामकांनीं तिच्यांतलें तत्त्व स्वीकारलें, आणि तेव्हांपासून घाईच्या माणसाची घाई व सवडीच्या माणसाची सवड दोन्हींचा मान राहूं लागला. त्या लिलावांत आणि या लिलावांत भेद आहे तो असा कीं, तेथें कंपनी आपली गरज उतारूंपुढें मांडते आणि येथें उतारूच्या मनांतली गरज काढून घेते. सर्वांसमक्ष बोली चालली असतां मनुष्य इतरांशीं चढाओढ करतो. बंद बोलींत तो स्वतःशींच झगडतो. पांच हजार पुरे झाले असते काय? मग मी आठ कां लिहिले? पांचांत नाहींच मिळालें तर तीन हजारांसाठीं रात्रभर गुडघे आंखडून बसलों असें होईल काय? या झगड्यांत कांटा हिरवा झाला हीच काय ती त्याची सोबत, आणि तो कांटा विकणाराच्या घरचा.

आतां या विषयांतला सर्वांत अवघड भाग आला. ज्यूल द्युप्युई हा फ्रान्समधील रस्ते व पूल यांच्या खात्यांतला इंजिनियर. १८४९ सालीं त्यानें पुलांवरील जकात व आगगाडीचें भाडें यांविषयीं लिहितांना एक गोष्ट इतक्या स्वच्छपणें सांगून ठेविली आहे कीं, ती वाचल्यावर मनुष्य पुन्हां कोणत्याही वाहनांत पूर्वीच्या भोळेपणानें बसूं शकत नाहीं. त्या काळीं तिसऱ्या वर्गाच्या कांहीं डब्यांना छप्पर नसे आणि बांकेंही उघडीं लांकडी असत. छप्पर घालण्यास असा काय मोठा खर्च येणार होता? द्युप्युईचा आशय असा कीं, छप्पर वगळण्याचें कारण खर्च हें नव्हेच, आणि गरिबाला छळावें अशीही कंपनीची इच्छा नाहीं. ज्याला दुसऱ्या वर्गाचें भाडें झेपतें त्यानें तिसऱ्या वर्गांत बसूं नये म्हणून त्याला भय दाखवावयाचें असतें. पाऊस गरिबाच्या डोक्यावर पडतो, पण तो पाडलेला असतो श्रीमंतासाठीं.

विमानांत छप्पर काढतां येत नाहीं हें आपलें भाग्य. परंतु आसनांतील अंतर कमी करतां येतें. पूर्वीं साध्या वर्गांत एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंत ३४ इंच अंतर असणें ही नवलाची गोष्ट नव्हती. हल्लीं ३१ इंच म्हणजे बरें, आणि स्वस्त कंपन्यांत तें २८ इंचांवर येऊन ठेपतें. याच्या मुळाशीं अधिक आसनें बसविण्याचा उघड लोभ आहे, तो आम्ही समजूं शकतों. निदान त्यानें भाडें उतरतें. पण आसन आगाऊ निवडूं न देणें, नवराबायकोला दूर दूर बसविणें, हातांतली पिशवी वर ठेवण्यालाही मनाई करणें, यांत कंपनीचे किती पैसे वांचतात? २०१२ च्या सुमारास अमेरिकेंत साध्या वर्गाच्याही खालीं एक ‘मूळ’ वर्ग निघाला. त्याच्या जाहिरातींत सुखसोयींऐवजीं गैरसोयींचीच यादी वाचावयास मिळे. हें छप्पर काढणेंच होय. आणि याला इतिहासही आहे. १९५८ सालीं अटलांटिकवरून ‘इकॉनॉमी’ वर्ग सुरू झाला तेव्हां जगांतील विमान कंपन्यांच्या संघानें असा ठराव केला कीं, या वर्गांतल्या उतारूंना जेवण म्हणून सँडविचच द्यावें, त्याहून अधिक कांहीं देऊं नये. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीनें पावाच्या एकाच तुकड्यावर मांस, मासे, भाज्या असा भरगच्च थाट रचून तें ‘सँडविच’ म्हणून वाढलें. इतर कंपन्यांनीं तक्रार केली आणि सँडविच म्हणजे नेमकें काय यावर आंतरराष्ट्रीय तंटा झाला! एखाद्या यजमानानें मागच्या पंगतीला तूप अधिक वाढलें म्हणून बाकीच्या यजमानांनीं पंचायत बसवावी, असा हा प्रकार. पंक्तिप्रपंच हा शब्द आम्ही उगाच योजिलेला नाहीं.

कंपनीच्या वकिलाचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. तो म्हणेल : पुढें आडवे पसरून झोंपलेले चाळीस उतारू आपल्या भाड्यानें विमानाच्या खर्चाचा फार मोठा वाटा उचलतात, त्यांनीं तो उचलला म्हणून मागच्या विद्यार्थ्याला तिकिट परवडलें. सर्वांना एकच भाव लावा; तो मधला असेल. श्रीमंताचे पैसे वांचतील, विद्यार्थी घरीं राहील आणि कांहीं मार्गांवर विमानच उडणार नाहीं. गैरसोय दाखवून धनिकाला वरच्या वर्गांत ढकललें तर तो एक प्रकारें त्याच्यावरचा करच नव्हे काय? द्युप्युईचेंही मत असेंच होतें कीं, ज्याला पुलाचा जितका उपयोग त्यानें तितकी जकात द्यावी, म्हणजे पूलही बांधला जातो आणि गरिबालाही तो ओलांडतां येतो. हा युक्तिवाद आम्ही मानतों. भाव निरनिराळे आहेत एवढ्यावरून अन्याय सिद्ध होत नाहीं. आपल्या एस. टी. चेंच पाहा : १९४८ पासून ती टप्प्यांवर भाडें घेते, २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना फुकट नेते आणि २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्यांत. एकाच बांकावर तीन उतारू आणि तीन भाडीं; पण कोणी कोणाकडे संशयानें पाहत नाहीं, कारण नियम सर्वांना ठाऊक आहे आणि तो नियम माणसाच्या अडचणीवर बसविलेला नसून तिला हात देणारा आहे.

कर आणि विमानाचें भाडें यांत मात्र वकीलसाहेब एक फरक विसरतात. कर माणसाच्या ऐपतीवर बसतो; चढतें भाडें बसतें निकडीवर, आणि निकड ऐपत पाहून येत नाहीं. तेराव्या शतकांतील इटालियन धर्मशास्त्रज्ञ टॉमस अक्विनस यानें याविषयीं फार सूक्ष्म विचार केला होता. वस्तु विकल्यानें विकणाराची विशेष हानि होत असेल तर त्यानें अधिक किंमत घ्यावी, असें तो म्हणतो; परंतु विकणाराची कांहीं हानि नसून केवळ घेणाराला तिची विशेष गरज आहे म्हणून किंमत वाढवूं नये, कारण ती गरज हा घेणाराच्या परिस्थितीचा भाग आहे, विकणाराच्या मालकीचा नव्हे, आणि जें आपल्या मालकीचें नाहीं तें विकण्याचा कोणालाही अधिकार नाहीं. हा विचार आम्हांला आजच्या कित्येक अर्थशास्त्राच्या ग्रंथांहून अधिक आधुनिक वाटतो. बाप अत्यवस्थ असल्याची तार, किंवा आजच्या भाषेंत संदेश, ज्याला आला त्याच्या घाईचा मालक कोण? कौटिल्यही काहीं भोळा साधु नव्हता. त्यानें स्वदेशी मालावर शेंकडा ५ आणि परदेशी मालावर १० नफा ठरवून दिला, आणि प्रजेला पीडा होत असेल तर राजानें मोठाही लाभ सोडावा असें बजावलें. आपल्या सरकारलाही हें अधूनमधून आठवतें. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ पर्यंत साथीच्या निमित्तानें भाड्याला वरची व खालची मर्यादा होती. आणि एप्रिल २०२५ मध्यें पहलगामच्या हत्याकांडानंतर श्रीनगरहून घाबऱ्याघाबऱ्या परतणाऱ्या लोकांकडून चढें भाडें घेऊं नये म्हणून कंपन्यांना ताकीद द्यावी लागली. अनेकांवर एकदम संकट आलें म्हणजे तें आपल्याला दिसतें. एकेकट्यावर रोज येणारें संकट यंत्राला तेवढें दिसतें, आणि तें त्याला मागणींतली वाढ म्हणून दिसतें.

पण यावरून पूर्वींचा काळ चांगला होता असें म्हणणारांच्या बैठकींतही आम्ही बसणार नाहीं. पूर्वीं वरच्या वर्गांतलें फुकट आसन कोणाला मिळे? खिडकीवरच्या कारकुनाच्या मर्जींतल्याला. आणि त्याची मर्जी कशावर बसे? कोटावर, बुटांवर, इंग्रजी उच्चारावर. नऊवारी नेसून, कपाळाला मोठें कुंकूं लावून, हातांत लोणच्याच्या बरण्यांची पिशवी घेऊन लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आमच्या आजीबाईंना ‘आपण पुढें बसा’ असें कोण्या कारकुनानें म्हटलें असतें, यावर आमचा विश्वास नाहीं. बोलीच्या पट्टीला निदान डोळे नाहींत. पैशाच्या या आंधळेपणाचे उपकार आपल्या समाजावर थोडेथोडके नाहींत. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, आणि पुढें सनातनी मंडळींना कितीही वाईट वाटलें तरी कंपनीनें जातवार डबे जोडले नाहींत. डबे पैशाप्रमाणें झाले. गोऱ्यांसाठीं राखलेल्या डब्यांचा कलंक तिला होताच, आणि तिसऱ्या वर्गाची जी दैना होती तिचें वर्णन गांधीजींनीं १९१७ सालीं केलें तें सर्वश्रुत आहे. तरीही जन्मानें ठरणारी पंगत मोडून दामानें ठरणारी पंगत बसली, यांत एक पाऊल पुढें पडलें होतें हें नाकारतां येणार नाहीं. म्हणून पैशाला नांवें ठेवतांना आम्ही थोडे जपून ठेवतों.

तथापि पैशाला सगळेंच विकूं द्यावें असा याचा अर्थ नव्हे. आमच्या परिचयाचें एक साठीच्या पुढचें दांपत्य कन्येकडे निघालें होतें. यजमानांनीं दोघांसाठीं बोली लावली होती. आदल्या दिवशीं निकाल आला तो एकाच आसनाचा. चौदा तासांचा प्रवास, यजमानांच्या पाठीचें दुखणें. बाईंनीं त्यांना आग्रहानें पुढें पाठविलें आणि आपण मागें बसल्या. उतरल्यावर त्या म्हणाल्या, “आमच्या मधला तो पडदा मला कांहीं केल्या झोंपूं देईना, तिकडे ते जेवले असतील का, एवढेंच मनांत येई.” यजमानांनीं वरच्या वर्गाविषयीं घरीं अवाक्षर काढलें नाहीं. हें कंपनीच्या दुष्टपणाचें उदाहरण म्हणून आम्ही सांगत नाहीं. तिनें फसवणूक केली नव्हती, अट स्पष्ट लिहिलेली होती. पण चाळीस वर्षांत या जोडप्यानें स्वतःच्या सुखाची एकमेकांविरुद्ध किंमत कधीं केली नव्हती, ती त्या पट्टीनें त्यांच्याकडून करून घेतली.

त्या पडद्याचा परिणाम अनोळखी माणसांवरही होतो असें म्हणणारे विद्वान आहेत. २०१६ सालीं कॅथरिन डीसेल्स व मायकेल नॉर्टन या दोघांनीं एका मोठ्या कंपनीच्या नोंदी तपासून लिहिलें कीं, ज्या विमानांत पहिला वर्ग असतो त्यांच्या मागच्या वर्गांत दांडगाईचे प्रकार जवळजवळ चौपट आढळतात, आणि पहिल्या वर्गामधून वाट काढीत मागें जावें लागलें तर त्यांत आणखी भर पडते. त्यांच्या गणितावर पुढें आक्षेप निघाले, म्हणून आम्ही त्या आंकड्यावर फार भार टाकीत नाहीं. परंतु अनुभव म्हणून एवढें कोणीही सांगेल कीं, पाय लांब करून पेला हातीं घेतलेल्या लोकांच्या मधून आपली पोरें आणि पिशव्या सांवरीत जाणें, आणि दुसऱ्याच दारानें थेट आपल्या जागीं जाणें, या दोहोंत पैशाचा फरक नसूनही फरक आहे.

मग विमान ही पंगत कीं खानावळ? आम्हांला असें वाटतें कीं, तिकिटाची खिडकी ही खानावळ आहे. तेथें भाव निरनिराळे असण्याला आमची हरकत नाहीं. पण दार लागलें, पट्टे आंवळले गेले, एकाच वैमानिकाच्या हातीं सर्वांचे प्राण सोंपविले गेले, म्हणजे तेथें कांहीं अंशीं पंगत बसते. वादळांत सांपडलेल्या विमानांत बिझनेस क्लासचे हेलकावे कांहीं निराळे नसतात. म्हणून खानावळीला साजेल अशी पहिली मागणी ही कीं भावफलक भिंतीवर असावा. नाटकगृहांत पहिल्या रांगेचा आणि बाल्कनीचा दर वेगळा असतो, पण तो खिडकीवर लिहिलेला असतो. शेजारच्यानें किती दिले हें विचारण्यांत कोणाला संकोच नाहीं. १७ व्या शतकांत इंग्लंडांतल्या क्वेकर दुकानदारांनीं घासाघीस सोडून एकच भाव सांगण्याचें व्रत घेतलें, तें लबाडी टाळण्यासाठीं. आणि गिऱ्हाइकें त्यांच्याकडे अधिक येऊं लागलीं. शेवटच्या दिवशीं वरच्या वर्गाचें आसन अमुक रकमेला मिळेल, प्रथम येईल त्याला, एकत्र प्रवास करणारांना एकत्र, असें कंपनीनें सांगितलें तर तिचें फारसें बिघडेल असें आम्हांला वाटत नाहीं. कांहीं कंपन्या अशी ठरीव रक्कम सांगतातही. मात्र तीसुद्धां प्रत्येकाला वेगळी सांगावयाची सोय यंत्रानें करून ठेविली आहे. पंगतीला साजेल अशी मागणी याहून लहान पण अधिक निकडीची : जी गैरसोय टाळण्याला कांहीं खर्च येत नाहीं ती मुद्दाम करूं नये. १८४४ सालीं ग्लॅडस्टनच्या पुढाकारानें ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा केला कीं, प्रत्येक मार्गावर रोज निदान एक गाडी अशी धांवावी जिच्यांत तिसऱ्या वर्गाला बसण्यास बांकें व वर छप्पर असेल, वेग तासाला १२ मैलांहून कमी नसेल आणि भाडें मैलाला एक पेनी. छपराचा प्रश्न बाजारावर सोडून भागलें नाहीं, हें या कायद्यावरून दिसतें; आणि त्या कायद्यानें इंग्लंडांतल्या आगगाड्या बुडाल्या नाहींत हेंही इतिहासांत नमूद आहे.

रिकाम्या आसनाचें काय करावें या प्रश्नाला आपल्याच देशांत एक निराळें उत्तर सांपडलेलें आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाहीं. रेल्वेही आतां कांहीं अंशीं विमानाच्या वाटेनें गेली आहे; सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरंतो या गाड्यांच्या बहुतेक वर्गांत दर दहा टक्के जागा भरल्या कीं भाडें दहा टक्क्यांनीं चढतें; आरंभीं तें दीडपटीपर्यंत चढत असे. पण त्याच रेल्वेनें २००६ सालीं एक योजना काढली. तिकिट काढतांना उतारूनें संमति दिलेली असली आणि पूर्ण भाडें भरलेलें असलें, तर यादी तयार होतेवेळीं वरच्या वर्गांत जी जागा रिकामी राहिली असेल ती संगणक अशा एखाद्या उतारूला परस्पर देऊन टाकतो. त्याबद्दल एक पैसाही जादा घेत नाहीं. बोली नाहीं, ओळख नाहीं, कोटाबुटांची पारख नाहीं. आणि त्या उतारूची खालच्या वर्गांत जी जागा मोकळी झाली ती प्रतीक्षायादींत ताटकळत असलेल्या दुसऱ्याला मिळते, ज्याला त्या रात्रीं गाडींत पाय ठेवावयास मिळण्याची आशा नव्हती.